भांडण मिटायला लागणारा वेळ

वसई-विरार पट्ट्यात तुळिंजला फ्लॅट घेऊन राहायला आलो तेव्हा मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे, अशी बातमी सोसायटीत कुणीतरी पसरवली आणि पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला घरचा फ्यूज बघायला बोलावलं. मी गेलो, फ्यूज बघितले. मला ते बसवता येत नाहीत हे कळल्यावर समोरच्या सामंतांचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. पुढे एकदा जिन्यात गाठून त्यांनी सरळ विचारलं, मग तुम्ही नेमकं करता काय? मी म्हटलं, माणसं एकमेकांना धरून का राहतात आणि एकदम सोडून का देतात, याचा अभ्यास करतो. ते म्हणाले, "आणि याचा पगार मिळतो?"

मिळत होता. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी निवृत्त होईपर्यंत हेच करत होतो. नव्वदीच्या सुरुवातीला हा विषय हातात घेतला तेव्हा आमच्याच मजल्यावरचे सहकारी मला 'समाजसेवक' म्हणायचे. चहाच्या वेळी कुणी ना कुणी विचारायचंच, आज माणसं किती अंशाला वितळली? मला राग येत नसे. खरं सांगायचं तर थोडी ऐट वाटायची, कारण हे काम करणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पण भौतिकशास्त्राचा आणि माणसांच्या वागण्याचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या तुकड्यात असंख्य इवलीशी चुंबकं आहेत असं समजा. त्यातलं प्रत्येक फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे बघतं आणि ते जिकडे तोंड करून उभे असतील तिकडे वळतं. कुणी पुढारी नाही, कुणी हुकूम देत नाही, तरी सगळी एका दिशेला उभी राहतात आणि तुकड्याचं चुंबक होतं. तुकडा तापवत गेलं की आतली चुळबूळ वाढते. तरीही बराच वेळ तो चुंबकच राहतो, आणि मग एका ठरावीक तापमानापाशी बघता बघता सगळी एकी संपते. आता या चुंबकांच्या जागी माणसं घ्या. प्रत्येकापुढे दोनच पर्याय ठेवा, वाटून घेणं किंवा ओरबाडून घेणं. प्रत्येक जण शेजारी काय करतात ते बघून ठरवतो. मग ही एकी कुठवर टिकते आणि कधी कोसळते, हे आम्ही संगणकावर मांडून बघायचो. माणूस म्हणजे चुंबक नव्हे, हे आम्हालाही कळतं. पण नेमकं कुठे नव्हे, हे शोधण्यातच या कामाची मजा होती.

विषयाचा बोभाटा झाल्यावर गिऱ्हाइकंही चमत्कारिक यायला लागली. एका पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते घरी येऊन विचारून गेले, की वॉर्डातली किती माणसं फिरवली म्हणजे बाकीची आपोआप फिरतात? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. त्यावर सरकार तुम्हाला पोसतं कशाला, असं विचारून, चहा पूर्ण पिऊन ते गेले. पश्चिमेकडच्या एका चर्चचे फादर तर फार गोड माणूस. त्यांची तक्रार अशी, की मिस्साला लोक मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात आणि पुढची बाकं रिकामी राहतात. मी कागदावर आकडेमोड करून दाखवली आणि मागची बाकं सरळ काढून टाकायला सांगितलं. त्यांनी खरंच काढली. पुढच्या रविवारी पुढची बाकं रिकामीच होती आणि निम्मे लोक दाराबाहेर उभे होते. फादरनी मला हे हसत हसत कळवलं आणि वर नाताळला केक पाठवला.

मला मात्र सांगायचं आहे ते सुवर्णाबद्दल.

सुवर्णा माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. राहायला गोखिवऱ्याला, आईवडिलांबरोबर, चौथ्या मजल्यावर. वडील मूळचे कोकणातले, मुंबईत बँकेत नोकरीला. ती अंगाने बारीक, बोलणं कमी आणि डोकं असं तल्लख, की मी फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता ती पुढची ओळ मनात सोडवून मोकळी झालेली असायची. माझी चूक झाली तर ती कधी "सर, चुकलं" म्हणत नसे. "सर, मला ही पायरी पुन्हा सांगाल का?" म्हणायची. मग मी ती पायरी सांगायला जायचो आणि तोंडावर आपटायचो.

तिचा प्रश्न असा होता: एकी कोसळण्याआधी कळू शकतं का? वरवर बघितलं तर काहीच दिसत नाही. लोक नियम पाळत असतात, सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मग एके दिवशी ढासळतं. तिने गणिताने दाखवलं की आतून एक खूण मिळते. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला पडसं झालं तर दोन दिवसांत जातं. आतून खचलेल्या माणसाचं तेच पडसं हटता हटत नाही. तसंच एखाद्या वस्तीचं. छोटीशी कुरबुर मिटायला लागणारा वेळ जर वाढत चालला असेल, तर मोठं काहीतरी मोडायला आलं आहे असं समजावं. भांडणं किती होतात याला महत्त्व नाही, ती मिटायला किती वेळ लागतो याला आहे. चुंबकांच्या बाबतीत हे आधीपासून माहीत होतं. वाटून घेणाऱ्या माणसांच्या बाबतीत ते गणिताने मांडलं तिने, आणि फार सुरेख मांडलं.

तिच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीने ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं. हे सगळं संगणकातलं झालं. एखादी खरीखुरी व्यवस्था घ्या, एक अख्खा उन्हाळा तिचं निरीक्षण करा आणि त्यात अजिबात हात घालू नका. तेवढं एक प्रकरण जोडलं की प्रबंध पुरा. तिची शिष्यवृत्ती त्याच वर्षी संपत होती आणि मुदत वाढणार नाही हे आम्हाला स्पष्ट कळवलेलं होतं. म्हणजे तिच्या हातात तो एकच उन्हाळा होता.

व्यवस्था शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. ती राहायची त्या सोसायटीत ए, बी आणि सी अशा तीन विंगा आणि गच्चीवर तिघींत मिळून एक टाकी. त्या काळात आमच्याकडे पाण्याचे काय हाल होते ते वसई-विरारच्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. टाकी कधी नळाच्या पाण्याने अर्धी भरायची, कधी टँकरने, आणि त्यातलं पाणी तिघींना पाळीपाळीने सोडायचं. गच्चीवर प्रत्येक विंगेचा वेगळा व्हॉल्व्ह होता. तो फिरवायची लोखंडी चावी दररोज वेगळ्या घराकडे जायची आणि तिथला नियम असा होता, की ज्या घराकडे चावी असेल त्याच्या विंगेला पाणी सगळ्यात शेवटी. त्यामुळे चावीवाला आधीच्या दोन विंगांना मापातच पाणी सोडायचा, कारण उरलेल्यावर त्याचंच घर भागायचं होतं.

हा नियम आणला तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकूंनी. इमारत उभी होती ती जमीन त्यांच्याच घराण्याची, बिल्डरकडून बदल्यात फ्लॅट मिळालेले. खाडीकडच्या त्यांच्या वाडीत सामाईक विहिरीवर भाजी पिकायची आणि आम्ही देशावर ज्याला दारं धरणं म्हणतो, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्याकडे वळवणं, ते काम ज्याच्याकडे असेल त्याचे वाफे शेवटी भिजायचे. सोसायटी नवी होती तेव्हा पाण्यावरून पहिली मारामारी होता होता राहिली. तेव्हा काकूंनी जिन्यात उभं राहून तो नियम सांगितला आणि कुठेही लिहून न ठेवता तो सगळ्यांनी उचलला. मला या नियमाचं फार कौतुक वाटलं. तो माझ्या सगळ्या व्याख्यानांत मी वापरला आहे.

सुवर्णाने पाण्याच्या अभ्यासासाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी काढली आणि कामाला लागली. भांडण मिटलं हे ठरवायचं कसं, हा पहिला पेच. माणसं तोंडाने "काही नाही हो, कधीच विसरलो" म्हणतात आणि वर्षभर बोलत नाहीत. तिने त्यावर खूण शोधली ती वाटीची. त्या सोसायटीत काही वेगळं शिजलं, की शेजारी वाटी जायची. भांडण झालं की वाटी बंद. पुन्हा वाटी गेली, म्हणजे भांडण मिटलं. चावीवरून, नळावरून, टँकरच्या पाइपावरून कुणाकुणात वाजलं आणि त्या दोन घरांत पुन्हा वाटी कधी गेली, एवढंच ती टिपत राहिली. संस्थेत हे कळल्यावर आमच्या मजल्यावर वाटी हे नवं एकक जाहीर झालं. मी मात्र इतकं साधं आणि इतकं पक्कं मोजमाप दुसरं पाहिलेलं नाही.

हिवाळ्यात भांडणं होत होती आणि झटपट मिटत होती. मार्चमध्ये मिटायला जरा वेळ लागू लागला. एप्रिलच्या शेवटी सुवर्णा माझ्या खोलीत आली आणि आलेख टेबलावर ठेवून उभी राहिली. रेघ वर चढत चालली होती, तिच्या गणितात चढायची तशीच. बाहेरून मात्र सगळं ठाकठीक. चावी वेळेवर फिरत होती, नियम पाळला जात होता.

"सर, मोडणार," ती म्हणाली. "पावसाच्या आधीच."

आमच्या विषयात असा आलेख कागदावर सगळ्यांनी पाहिलेला होता, खऱ्या माणसांचा कुणी पाहिलेला मला माहीत नव्हता. आता फक्त थांबायचं होतं. खरंच मोडलं असतं, तर तिच्या प्रबंधाची चर्चा बाहेरच्या देशांतही झाली असती. माझा एक सहकारी तर तिला म्हणाला, "मोडू दे की. एवढी आयती मोड पुन्हा कुठे मिळणार आहे?" तो वाईट माणूस नव्हे. प्रयोगशाळेत आम्ही सगळे असंच बोलतो.

पण मोडणं म्हणजे काय होतं, ते तिला घरात बसून कळत होतं. बी विंगेत पहिल्या मजल्यावर शिंदे नावाचं जोडपं नव्याने राहायला आलं होतं, घरात जुळी तान्ही मुलं. त्यांनी नळाच्या पाइपाला गुपचूप मोटर जोडली होती. अशी मोटर खाली लागली की पाइपातलं पाणी ती ओढून घेते आणि वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडतात. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला, बोलले कुणीच नाहीत आणि त्यातल्या काहींनी आपल्याही घरी मोटर बसवली. उद्या चावीवाल्याने आपलीच विंग आधी उघडली असती, की संपलं. मग चौथ्या मजल्यावरच्यांनी टँकरपाशी हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं. त्यांत गुडघ्यांनी जेरीला आलेली सुवर्णाची आई होती आणि शेजारचं एक वयस्कर जोडपं होतं.

तिने हात घातला तर निरीक्षण बाद, समितीची अट मोडली, शिष्यवृत्ती संपलेली आणि पुढचा उन्हाळा नाही. हात नाही घातला तर प्रबंध पुरा. मी तिला एवढंच म्हटलं, की दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मी तुझा गाईडच राहणार. यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही. ती आलेख गुंडाळून घरी गेली.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. "सर, रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग लावलीय. तुम्ही याल का?"

गेलो. इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तीन विंगांचे लोक तीन वेगळ्या घोळक्यांत बसलेले, मध्ये मोकळ्या खुर्च्या. मला ते बघूनच आलेख आठवला. सुवर्णा उभी राहिली. एरवी सेमिनारमध्येही तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे.

"मी इतके महिने तुमची भांडणं मोजतेय," ती म्हणाली. "कोण चुकलं ते नाही मोजलं. भांडल्यानंतर दोन घरांत पुन्हा वाटी जायला किती वेळ लागतो, ते मोजलंय. आधी लवकर जायची. आता कित्येक घरांत जातच नाही. असंच चाललं तर आपली चावीची पद्धत या उन्हाळ्यात मोडेल. मग वरच्या मजल्यांना पाणी नाही. वर आम्हीही राहतो, म्हणून मला गप्प बसवत नाही."

आधी कुणाला काही कळेचना. मग सी विंगेतले दळवी उठले आणि तापून म्हणाले, म्हणजे पाण्याचा अभ्यास सांगून तू आमच्या घरांवर पाळत ठेवलीस? तिने मान खाली घातली नाही. हो काका, म्हणाली, आणि आज ती संपली. दळवी उभेच राहिले. वातावरण असं तंग झालं, की आता मीटिंग उधळते असं मला वाटलं. तेवढ्यात म्हात्रेकाकूंनी खुर्चीतूनच विचारलं,

"आन माझा राग किती दिवस टिकतो गं, बाय?"

"काकू, खरं सांगू? तुमचाच सगळ्यात जास्त."

पहिल्यांदा हसल्या त्या काकूच. मग सगळेच हसले, दळवीसुद्धा, आणि जो तो आपापला राग विचारायला लागला. नवऱ्यांनी बायकांचे विचारले, बायकांनी नवऱ्यांचे. हा गोंधळ ओसरत होता तेव्हा शिंदे उभा राहिला. चेहरा लाल झालेला. म्हणाला, "मोटर मी लावलीय, मान्य आहे. पोरं लहान आहेत, पाणी पुरत नाही. पण मी एकटाच आहे का? मी काढतो. सगळ्यांच्या निघाल्या पाहिजेत, नाहीतर मी येडा ठरणार."

माझ्या आयुष्यभराच्या विषयाचं सगळं मर्म त्या शेवटच्या वाक्यात होतं. वाईट वागायचं कुणालाच नसतं, पण येडंही कुणालाच ठरायचं नसतं. सुवर्णाजवळ त्यावर तोडगा तयार होता आणि तो तिच्या गणितातूनच आलेला होता. प्रत्येक विंग फक्त स्वतःकडे बघते म्हणून संशय वाढतो, तर विंगा एकमेकींत गुंतवायच्या. चावी यापुढे एका घराकडे नको, वेगवेगळ्या विंगांतल्या दोन घरांकडे मिळून, आणि त्या दोन विंगांची पाळी शेवटी. आणि मोटरी आत्ताच काढायच्या, सगळ्यांनी एका वेळी, दारं उघडी ठेवून. शिंद्यांची मुलं मोठी होईपर्यंत त्यांना दोन पिंप पाणी आधी भरू द्यायचं, असं काकूंनी वर सुचवलं. "पानी कोना एकाचं नाय, तशी पोरंबी एकाची नाय," त्या म्हणाल्या. त्यावर वाद झाला नाही. लोक पान्हे घेऊन जिने चढायला लागले. शिंद्याची मोटर काढायला हात लावला तो दळवींनी.

त्या उन्हाळ्यात चावीची पद्धत मोडली नाही. पाणी कमीच होतं, पण चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पोचत होतं. सुवर्णाच्या निरीक्षणांचा मात्र पुरता विचका झाला. वाटी मोजली जाते हे कळल्यावर लोक मुद्दाम वाट्या पाठवू लागले. जिन्यात तिला अडवून सांगायचे, "आत्ताच दळव्यांकडे शिरा दिलाय हं, लिही." ती हसून मान डोलवायची. त्यातल्या कुठल्या वाट्या राग मिटल्यावर गेलेल्या आणि कुठल्या नुसत्या दाखवायच्या, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

शिष्यवृत्ती संपली. तिने विरारला ज्युनिअर कॉलेजात शिकवायची नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे तुळिंजला येऊन उरलेलं गणित करत राहिली. माझ्या बायकोने तिला आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा देऊन टाकला होता. वर्षं गेली, दोन हजार साल उलटलं. तिचे बरोबरीचे परदेशी जाऊन आले, माझ्या केसांत काळं काही उरलं नाही. मला हळहळ वाटायची आणि मी ती बोलून दाखवायचो. ती म्हणायची, सर, ही पायरी पुन्हा सांगाल का? मग मी मुकाट्याने तिच्या गणिताकडे वळायचो.

अखेर प्रबंध झाला; निरीक्षणाच्या अटीऐवजी तिने केलेलं नवं गणित समितीने मान्य केलं होतं. गोखिवऱ्याचं प्रकरण तिने त्यात ठेवलं होतं, मीटिंगसकट, काहीही न लपवता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आमच्या शास्त्रातले मोठे जाणकार, बोलायला सौम्य, पण कामात कुणाची भीड न ठेवणारे. संगणकावरच्या कामाचं त्यांनी मोकळेपणाने कौतुक केलं. मग ते त्या प्रकरणाकडे वळले. निरीक्षकाने स्वतः हात घातला आहे, तेव्हा याला पुरावा म्हणता येणार नाही. हे प्रकरण काढून टाकलंत तर पदवीची शिफारस करायला माझी काही हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुवर्णाने काढते म्हणून सांगितलं. माझ्या हाताखालून पुष्कळ हुशार मुलं गेली, पण आमच्या खोलीत झालेलं सगळ्यात सुंदर काम कुठलं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्याच पानांकडे बोट दाखवलं असतं.

परीक्षक कागद आवरत होते. आवरता आवरता त्यांनी ते प्रकरण पुन्हा उघडलं, त्यातल्या आलेखावर बोट ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे तुम्ही म्हटलं होतंत की ही व्यवस्था मोडेल. ती मोडली नाही. म्हणजे तुमचं भाकीत चुकलं, असंच ना?"

"हो सर," सुवर्णा म्हणाली. "चुकावं म्हणूनच त्यांना सांगितलं होतं."